शून्य पाणबुड्यांचा हिशेब

व्हर्सायच्या तहातलं १९१ वं कलम जेमतेम एका वाक्याचं आहे. जर्मनीने पाणबुडी बांधायची नाही, विकत घ्यायची नाही, आणि मालवाहू पाणबुडी म्हणून पळवाट काढाल तर तीही नाही. तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. त्याच तहाने जर्मन नौदलाला ६ युद्धनौका, ६ हलक्या क्रूझर, १२ विनाशिका, १२ टॉर्पेडो बोटी आणि १५,००० माणसं ठेवायची मुभा दिली होती. पाणबुडीच्या रकान्यात मात्र शून्य.

त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत या शून्याच्या जागी साडेअकराशेच्या आसपास पाणबुड्या उभ्या राहिल्या. हे कसं झालं याचा हिशेब सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या माणसाने मांडायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडे पाणी म्हणजे कन्हान आणि जाम. समुद्र बघायचा तर आधी नागपूर गाठा आणि तिथून रेल्वेने मुंबईपर्यंत ८३७ किलोमीटर जा. पण ही गोष्ट फिरून फिरून मुंबईच्या माझगावात येते, आणि तिथे आल्यावर ती जर्मनांची राहत नाही, आपली होते. म्हणून सांगायची.

आधी शून्याच्या मागचे आकडे बघू. पहिल्या महायुद्धात जर्मनीने पावणेचारशेच्या घरात पाणबुड्या वापरात आणल्या आणि त्यांनी पाच हजारांच्या आसपास जहाजं बुडवली. एकूण टनभार एक कोटी वीस लाखांच्या वर. यू-३५ नावाच्या एकाच बोटीवरून कप्तान आर्नो द ला पेरिएर याने १८९ हून अधिक जहाजं बुडवली. साऱ्या कारकिर्दीत १९४. तेव्हा पाणबुडी पाण्याखाली फार काळ राहत नसे. वर तरंगत जायचं, समोरच्या जहाजाला थांबवायचं, माणसांना होड्यांत उतरायला लावायचं आणि मग तोफेने जहाज फोडायचं, अशी ही बरीचशी दुकानदारी होती.

सगळेच कप्तान इतका वेळ देत नव्हते. ३० डिसेंबर १९१५ ला पी अँड ओ कंपनीचं ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज लंडनहून मुंबईला येत होतं. क्रीट बेटाच्या दक्षिणेला यू-३८ ने काही न सांगता टॉर्पेडो सोडला. जहाज काही मिनिटांत गेलं. जहाजावर ५१९ माणसं होती, त्यांतली ३४३ बुडाली. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी कोकणातले आणि जेवणघरातले नोकर गोव्याकडचे, अशी तेव्हाची रीतच होती. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर भारतीय खलाशांचं स्मारक आहे. यू-३८ बांधली होती कील शहरातल्या क्रुप घराण्याच्या ‘गेर्मानियावेर्फ्ट’ या गोदीत. हे नाव लक्षात असू द्या.

युद्ध हरल्यावर जर्मनीला पाणबुड्या इंग्लंडच्या हार्विच बंदरात नेऊन द्याव्या लागल्या. पावणेदोनशेच्या आसपास बोटी तिथे रांगेने उभ्या राहिल्या. विजेत्यांनी त्या वाटून घेतल्या, बहुतेक मोडीत काढल्या आणि लोखंड मोजून घेतलं. वजन मोजता येईल ते सगळं त्यांनी मोजलं. गेर्मानियावेर्फ्टचे आराखडे आणि ते काढणारी माणसं यांचं वजन फारसं भरत नव्हतं, त्यामुळे ती राहून गेली.

त्या माणसांत मुख्य होते हान्स टेखेल. युद्धाच्या आधीपासून क्रुपच्या पाणबुड्यांचं आरेखन यांच्याच हाताखाली चाले. जुलै १९२२ मध्ये नेदरलँड्समध्ये हेग शहरात एक कंपनी निघाली. नाव लांबलचक डच, लोक म्हणत ‘आयव्हीएस’. अर्थ सरळ, जहाजबांधणीचं इंजिनिअरिंग ऑफिस. मालक तीन जर्मन गोद्या: कीलची गेर्मानियावेर्फ्ट, ब्रेमेनची आ.गे. वेसर आणि श्टेटिन-हांबुर्गची वुल्कान. टेखेल तांत्रिक प्रमुख, आणि व्यवहार बघायला उलरिख ब्लूम हे निवृत्त नौदल अधिकारी. नेदरलँड्सने व्हर्सायच्या तहावर सही केलेली नव्हती. तिथे बसून कागदावर पाणबुडी काढणं हा गुन्हा कुठल्याच कायद्यात बसत नव्हता.

गिऱ्हाईकं आली. जपानने तर १९२० पासूनच क्रुपचे जुने आराखडे विकत घेतले होते. तुर्कस्तानसाठी रॉटरडॅमच्या गोदीत दोन पाणबुड्या बांधल्या गेल्या आणि १९२८ मध्ये त्या त्यांच्या नौदलात गेल्या. फिनलंडमध्ये तुर्कू बंदरात जवळपास ५०० टनांच्या तीन. हेलसिंकीत एक इवलीशी, ९९ टनांची, कारण सोव्हिएत रशियाबरोबरच्या तहानुसार लाडोगा सरोवरात १०० टनांपेक्षा मोठी युद्धनौका ठेवायला फिनलंडला मनाई होती. एका तहातून पळवाट काढणाऱ्यांनी दुसऱ्या तहात अगदी एक टन राखून बसणारी बोट काढून दिली. स्पेनमध्ये कादिझला होरासिओ एचेवारिएता या उद्योगपतीच्या गोदीत सुमारे ७५० टनांची ई-१ तयार झाली, तिच्या वाटाघाटींत विल्हेल्म कानारिस होते, जे पुढे हिटलरच्या लष्करी हेरखात्याचे प्रमुख झाले. स्पेनने ती घेतली नाही. ती गेली तुर्कस्तानला. म्हणजे जर्मन नौदलाकडे बोट नाही, पण तिची चाचणी, तिचं वळण, तिचं डुबणं, इंजिनाची कुरकुर हे सगळं टिपून ठेवायला जर्मन माणूस बोटीवर हजर. यू-३५ चे ते आर्नो द ला पेरिएर १९३२ पासून तुर्कस्तानच्या नौदल अकादमीत शिकवायला होते.

सगळं इतकं शिस्तीत झालं असं वाटून घेऊ नका. याला पैसा लागत होता आणि तो संसदेला दाखवता येत नव्हता. तो सांभाळायला नौदलाच्या वाहतूक विभागाचे कॅप्टन वाल्टर लोमान यांना बसवलं. १९२३ मध्ये फ्रान्सने ऱ्हूर प्रांत ताब्यात घेतला तेव्हा सरकारने गुपचूप एक फंड काढला होता. त्यातले लाखो मार्क लोमान यांच्या हातात आले. या गृहस्थांना वाटलं, पैसा पडून राहण्यापेक्षा वाढवू. त्यांनी बँकेत घातला, जमिनीत घातला, डेन्मार्कच्या बेकनला ब्रिटिश बाजारात टक्कर द्यायची म्हणून खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या कंपनीतही घातला. आणि फीबस नावाच्या सिनेमा कंपनीत ओतला. सिनेमा कंपनी १९२७ मध्ये बुडाली. ‘बर्लिनर टागेब्लाट’च्या कुर्ट वेंकेल या आर्थिक पत्रकाराने धागा पकडला, की या डबघाईच्या कंपनीला पैसे नेमके कुठून येत होते, आणि तो धागा थेट नौदलाच्या कपाटापर्यंत गेला. तोटा निघाला २ कोटी ६० लाख राइखमार्कांचा. तेव्हाच्या हुंडणावळीने भारतीय पैशात पावणेदोन कोटी रुपयांच्या जवळ. संरक्षणमंत्री ओटो गेसलर जानेवारी १९२८ मध्ये पायउतार झाले, पाठोपाठ नौदलप्रमुख त्सेंकरही गेले.

या प्रकरणात मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. इतका बोभाटा होऊनही पाणबुडीचं काम थांबलं नाही. बर्लिनमध्ये ‘मेंटोर बिलान्त्स’ या हिशेबनिसाच्या पेढीला शोभेल अशा नावाखाली जे चाललं होतं, ते १९२८ पासून ‘इगेविट’ या दुसऱ्या नावाने सुरू राहिलं. लोक विचारत राहिले सिनेमाच्या पैशांबद्दल.

आता तुर्कूला जाऊ. १० मे १९३३ ला तिथल्या क्रिख्टन-वुल्कान गोदीतून एक बोट पाण्यात सरकली. तिला नाव नव्हतं, गोदीतल्या बांधकामाचा क्रमांक होता: सीव्ही-७०७. लांबी ४०.९ मीटर, रुंदी चार मीटरच्या आसपास. आपल्या एक्स्प्रेसचे दोन डबे फलाटाला लागले तर बोट त्यांच्याहून सहा-सात मीटर आखूडच भरेल. त्यात वीसेक माणसं, डिझेल इंजिनं, बॅटऱ्या, तीन टॉर्पेडो नळ्या आणि पाच टॉर्पेडो. उन्हाळ्यात जर्मनीतून तरुण येत, तिच्यावर शिकत आणि परत जात. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कीलमध्ये ‘पाणबुडीविरोधी शाळा’ सुरू झाली. तिथे पाणबुडी चालवायचं शिक्षण मिळे. जिच्या विरोधात लढायचं ती कशी चालते हे माहीत नको का!

सीव्ही-७०७ ला पुढे फिनलंडने विकत घेतलं आणि ‘वेसिक्को’ असं नाव दिलं. ती आजही हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना बेटावर ठेवलेली आहे. ती एकटीच उरली, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या पॅरिस तहाने फिनलंडलाही पाणबुड्या बाळगायला बंदी केली.

कीलच्या शेडांत मात्र १९३४ पासून पेट्यांमागून पेट्या येऊन पडत होत्या: इंजिनं, पंप, पत्रे, नळ्या. १६ मार्च १९३५ ला हिटलरने व्हर्सायची लष्करी कलमं झुगारली. ब्रिटनशी वाटाघाटी सुरू झाल्या. करार झाला १८ जूनला. त्यात जर्मनीला एकूण आरमार ब्रिटिशांच्या ३५ टक्के ठेवायची मुभा, पाणबुड्यांत ४५ टक्के आणि गरज पडली तर १०० टक्क्यांपर्यंत. सह्यांची शाई ओली असताना यू-१ पाण्यात होती. ती उतरली होती तीन दिवस आधी, १५ जूनला. तिचा कणा टाकला होता ११ फेब्रुवारीला, म्हणजे काम झालं १२४ दिवसांत. आकाराने ती वेसिक्कोचीच जुळी, ४०.९ मीटर. व्हर्सायच्या सह्यांपासून या दिवसापर्यंत ५,८३१ दिवस गेले होते. इतके दिवस शून्य पाळलं आणि शून्य संपल्यावर एक दिवसही फुकट घालवला नाही.

यानंतरचे आकडे डोकं गरगरवणारे आहेत. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीकडे ५७ पाणबुड्या होत्या. पाणबुडी दलाचे सेनापती ड्योनित्स म्हणत होते ३०० पाहिजेत. यू-१ नौदलात दाखल झाल्यापासून १९४५ च्या शरणागतीपर्यंतचे दिवस भरतात साधारण ३,६००. तेवढ्यात साडेअकराशे बोटी. सरासरीने दर तीन दिवसांना एक. एकट्या ‘सातव्या प्रकारातल्या सी’ जातीच्या पाचशेवर. ही बोट ६७ मीटर लांब, आत चव्वेचाळीस ते पन्नास माणसं. मोहिमेवर निघताना दोनांपैकी एका संडासात डबे आणि डुकराच्या मांड्या कोंबलेल्या असायच्या, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे साऱ्यांना मिळून एकच. पाण्यावरून ती ८,५०० सागरी मैल जाई. पाण्याखाली ८० मैल गेली की बॅटरी संपली. शंभरात एकही नाही. तिला पाणबुडी म्हणायचं ते अशा हिशेबाने.

एवढं पोलाद कुठून आलं हा प्रश्न आमच्या भागातल्या माणसाला आपसूक पडतो. एक टन पोलादामागे सात-आठ किलो मँगनीज लागतं. त्याशिवाय पोलाद ठिसूळ निघतं. हजार टन पोलादाला सात-आठ टन. आमच्या सौंसर तालुक्याचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते या मँगनीजमुळेच. बालाघाट, भंडारा, नागपूरपर्यंत पसरलेल्या या खडकांच्या मालिकेला सौंसरचंच नाव दिलेलं आहे. फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये इथल्या सीतापार गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असं नावही ठेवलं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि सीतापारचं नाव जगाच्या यादीतून गेलं. त्या काळी मध्य प्रांताचं मँगनीज आगबोटींनी युरोप-अमेरिकेच्या भट्ट्यांत जात असे. भट्टीत पडलं की त्याला गाव राहत नाही.

आणि माणसं? जर्मन पाणबुड्यांवर साधारण ४०,००० माणसं गेली. अठ्ठावीस ते तीस हजार परत आली नाहीत. चारांत तीन. मे १९४३ या एका महिन्यात ४१ बोटी बुडाल्या. दुसऱ्या बाजूला अडीच ते तीन हजार व्यापारी जहाजं आणि १ कोटी ४० लाख टन. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मेलेल्या भारतीय खलाशांची संख्या सहा हजारांच्या वर जाते.

एकच जहाज जवळून बघू. ‘सिटी ऑफ बनारस’. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये यू-४८ ने ते बुडवलं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचावीत म्हणून कॅनडाला पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं त्यावर होती, ७७ गेली. बारा नंबरच्या होडीत ४६ जण चढले. सहा मुलं, मुलांना सांभाळणाऱ्या मेरी कॉर्निश, एक पाद्री, थोडे गोरे अधिकारी आणि बाकी तीसहून अधिक भारतीय खलाशी. आठ दिवस होडी वाहत राहिली. पाणी दिवसातून काही घोट. आठव्या दिवशी विमानाला होडी दिसली. या होडीवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात सहाही मुलांची नावं असतात. खलाशांची नावं शोधायला लागतात. यू-४८ कुठे बांधलेली? कील, गेर्मानियावेर्फ्ट. त्या युद्धात या एका गोदीतून १३१ पाणबुड्या निघाल्या.

मराठी घरात जर्मन पाणबुडी म्हटलं की अर्थात सुभाषबाबू आठवतात. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते आणि आबिद हसन कीलहून यू-१८० मध्ये चढले आणि २८ एप्रिलला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून जपानच्या आय-२९ वर गेले. अडीच महिने त्या डिझेलच्या वासात. यू-१८० ब्रेमेनच्या आ.गे. वेसरची, म्हणजे हेगच्या ऑफिसच्या तीन मालकांपैकी एकाची.

पण कागदावर मालकी चालत नाही. आयव्हीएसने सोव्हिएत रशियालाही आराखडा विकला होता. कादिझच्या बोटीची सुधारलेली आवृत्ती. रशियाने त्यावरून ‘एस’ जातीच्या बोटी बांधल्या. त्यांतल्या एस-१३ ने ३० जानेवारी १९४५ ला बाल्टिक समुद्रात ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ हे जहाज बुडवलं. दीडेक हजार प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या जहाजावर पूर्व प्रशियातून पळणारी सुमारे दहा हजार माणसं कोंबलेली होती. नऊ हजारांच्या आसपास मेली. एका जहाजाच्या बुडण्यात इतकी माणसं इतिहासात दुसऱ्यांदा गेलेली नाहीत.

आता माझगाव.

युद्धानंतर उलरिख गाब्लर या जर्मन पाणबुडीवरच्या इंजिनिअरने ल्यूबेकमध्ये स्वतःचं आरेखन ऑफिस काढलं. त्याच्या ‘२०९’ नावाच्या आराखड्याच्या बोटी जगभर विकल्या गेल्या. बांधणारी गोदी कीलची एचडीडब्ल्यू; गेर्मानियावेर्फ्ट १९४५ नंतर मोडून टाकली होती, तिची जागा पुढे या गोदीकडे आली. ११ डिसेंबर १९८१ ला भारताने एचडीडब्ल्यूशी करार केला: दोन बोटी कीलमध्ये, दोन मुंबईत. कीलमध्ये बांधलेल्या शिशुमार आणि शंकुश १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. माझगाव डॉकच्या कामगारांनी कीलला जाऊन काम शिकून घेतलं आणि ७ फेब्रुवारी १९९२ ला शल्की नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. २८ मे १९९४ ला शंकुल.

६४.४ मीटर लांब, पाण्याखाली १,८५० टन, ४० माणसं. अडीचशे मीटर खोलीवर तिच्या कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अडीचशे टनांहून जास्त भार असतो. एवढ्या भारात वेल्डिंगच्या एखाद्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी भागणार नाही. प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढावा लागतो, आणि असा सांधा जोडणारा हात तयार व्हायला वर्षं जातात. बोटीच्या पोटात गाब्लरचाच एक पोलादी गोळा आहे. बोट अडकली तर चाळीसच्या चाळीस माणसं त्यात बसून वर सुटू शकतात.

पाचवी आणि सहावी बोट बांधायची होती. १९८७ मध्ये सात टक्के दलालीच्या आरोपाची तार बॉनहून दिल्लीत आली, विश्वनाथ प्रताप सिंहांनी चौकशी लावली आणि एप्रिलमध्ये संरक्षणमंत्रिपद सोडलं. आरोप कोर्टात सिद्ध झाला नाही. पण पुढच्या बोटी रद्द झाल्या. शंकुल गेल्यावर माझगावच्या पाणबुडी शेडमध्ये नवं काम उरलं नाही. कीलला शिकून आलेले वेल्डर इतर कामांवर गेले, निवृत्त झाले, बाहेर पडले.

फ्रेंच स्कॉर्पिन बोटींचा करार व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडलं: ६ बोटी, १८,७९८ कोटी रुपये. त्यांतली पहिली, कलवरी, १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. शंकुलनंतर तेवीस वर्षांनी. मला या साऱ्या हिशेबात हाच आकडा सगळ्यात जास्त खुपतो. तहाने, तपासनिसांनी आणि शत्रूच्या सैन्याने बांधून ठेवलेल्या जर्मनीने सोळा वर्षं हातातली विद्या परदेशात भाड्याच्या ऑफिसात जपली. बोट कुणासाठी का असेना, बांधत राहायची एवढं त्यांनी सोडलं नाही. आपल्याला कुणी बंदी केली नव्हती. दलाली खाल्ली असेल त्याला शिक्षा करायची सोडून आपण शेडला कुलूप लावलं, आणि जे शिकायला पैसे मोजले होते तेच पुन्हा शिकायला पुन्हा पैसे मोजले.

जून २०२३ मध्ये माझगाव डॉकने सहा नव्या पाणबुड्यांसाठी कीलच्याच गोदीशी हातमिळवणी केली. तिचं तेव्हाचं नाव थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स. क्रुप हे नाव परत आलं होतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला जवळपास सदतीस वर्षांच्या शंकुशची मोठी दुरुस्ती करून तिचं आयुष्य वाढवण्याचं काम माझगावला मिळालं. किंमत २,७२५ कोटी रुपये.